पायऱ्या नसलेला बंगला

सालईटोल्याच्या डाकबंगल्याला पायऱ्या नव्हत्या. हे वाक्य मी आधीच लिहून टाकतो. पुढे लिहिताना हात आखडला, तर एवढं तरी कागदावर राहील.

चांदा जिल्ह्याच्या त्या टोकाला आमच्याकडचं कोणी हौसेनं जात नाही. वैनगंगा ओलांडली की जंगल, वाघ आणि हिवताप, एवढाच आमचा भूगोल. मी गेलो तो सासऱ्यांना घेऊन. सोमाजी त्यांचं नाव. मी त्यांना मामा म्हणत असे. मोटारी यायच्या आधी मूलकडून सिरोंच्याकडे टपाल आणि माणसं बैलांच्या दमणीतून जात. दमणी म्हणजे हलकी, छपराची, पळवायची गाडी. एकाच जोडीनं किती पळावं? म्हणून वाटेत टप्पे असत. टप्प्यावर थकलेली जोडी सोडायची, ताजी जुंपायची; प्रवाशांनी जेवून घ्यायचं, नाहीतर मुक्काम करायचा. सालईटोला हा असाच एक टप्पा. मामांनी तरुणपणी त्या सडकेवर दमणी हाकली, पाठ धरल्यावर ते तिथल्याच बंगल्याचे चौकीदार झाले, आणि माझी बायको वेणू त्या बंगल्यामागच्या खोलीत जन्मली.

मग मोटार आली आणि टप्पे ओस पडले. सासूबाई गेल्या. मामांचे डोळे गेले. तेव्हापासून ते नागपुरात आमच्याकडे होते. त्यांचं मागणं एकच. "एकडाव मले बंगल्यावर न्या, जवाईबापू. पाहाचं तं काय राह्यलं, हात लावून येतो."

दरवर्षी धान निघायच्या दिवसांत मी हो म्हणत असे आणि दरवर्षी काहीतरी आडवं येई. कधी घरात आजारपण, कधी कचेरीत तपासणी. एका वर्षी मात्र काहीच आडवं आलं नव्हतं. त्या वर्षी मला थंडीत एवढं लांब जायचा कंटाळा आला होता. मी तपासणी आहे असं सांगितलं. मामा म्हणाले, "सरकारी काम हाय, त्याले काय इलाज!" आणि त्यांनी बांधलेलं गाठोडं वेणूकडून सोडवून घेतलं.

आम्ही निघालो ते त्याच्या पुढच्या वर्षी.

नागभीडच्या वाटेवर

नागपूरहून निघणारी ती छोट्या रुळांची गाडी बैलगाडीला लाजवील अशी चालते. नागभीडला इंजिन पाणी प्यायला थांबलं, तर माणसं उतरून शेकोटी करून बसली. कोणाला घाई नाही. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, बहुतेक कापून झालेल्या. धान उभं असतानाच त्यात लाखोळीचं कडधान्य फेकून ठेवतात, त्यामुळे धसकटांच्या मधून ती हिरवीगार वर आलेली. आम्ही ज्वारीची माणसं. एक पीक उभं असताना त्याच्या पायाशी दुसरं पेरून ठेवायचं, हे मला नवल वाटलं. मामांना सांगितलं तर ते हसले. "तुमच्या वऱ्हाडात जमीन एकडाव बाळंत होते. आमची जुळेवाली हाय."

फलाटावरची बोली कानावर पडायला लागली तशी त्यांची मान ताठ झाली. नागपुरात दिवसदिवस न बोलणारा माणूस डब्यात भेटेल त्याला "कुठी जाऊन राह्यले, भाऊ?" म्हणून विचारू लागला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हात द्या बरं."

मी हात दिला. त्यांनी तो मांडीवर उलटा केला आणि तळव्यावर बोट ठेवलं.

"ही सडक. आन हा बंगला. सडकेले तोंड करून नाई बसला, तिरपा बसला. काऊन?"

"काऊन?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"भरली दमनी मांगं घेता येते का? बैल पुढं जाते, मांगं सरकाले तयार नाई. मंग इकडून येनारं फाटक, तिकडून जानारं. गाडी शिरली, जोडी बदलली, निंगाली. गाडीले गाडी भिडाचं काम नाई, गाडीवानाले गाडीवान भिडाचं बी नाई."

बोट पुढे सरकलं. हा चौथरा. उंची गाडीच्या तळाइतकी, बरोबर. वर पडवी. पडवीला सागाचे खांब, आणि मधल्या खांबाला हाताच्या तळव्याएवढी खाच. ती कोणी कोरलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या त्याच खांबाला कासरा बांधला जाई, दोराच्या घासण्यानं लाकूड खात गेलं होतं. भिंती कमरेपर्यंत काळ्या दगडाच्या आणि वर मातीच्या, म्हणजे खाली वाळवी शिरायची नाही आणि वर ऊन शिरायचं नाही. मागे गोठा, लांबीनं बंगल्याहून मोठा.

"बंगल्याहून मोठा?"

"बंगला बैलाचाच होता न जी. मानसं तं पाहुने."

"आणि चढायला पायऱ्या कुठे?"

"पायऱ्या कायले?" मामा एकदम मोठ्यानं म्हणाले; समोरचा डुलकी घेणारा माणूस जागा झाला. "मडमीच्या बुटाले चिखल नाई लागला पाहिजे, म्हनून तं चौथरा तितका उंच. दमनी चौथऱ्याले लागली का पाय पुढं टाकाचा. खाली नाई उतराचं. गाडीतून थेट पडवीत."

शेवटी बोट माझ्या अंगठ्याच्या बुडाशी थांबलं. ही विहीर. उगवतीला. रोज सकाळी रहाट ओढताना ऊन तोंडावर यायचं, त्यावरून दिवस कुठवर आला ते कळायचं.

आणखी एक गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. टप्प्याच्या अलीकडे एक नाला होता. तिथे आलं की गाडीवानानं शिंग फुंकायचं. गाडीत जितकी माणसं तितक्या फुंका. त्या ऐकून बंगल्यात तितक्या मुठी तांदूळ हंड्यात पडत आणि वर एक मूठ जास्त.

"ती कोणाची?"

"मांगून येनाऱ्याची. जंगलातली वाट. कोन पायी येत असंन, कोनाची गाडी मोडली असंन. आपल्याले काय मालूम?"

माझ्या घरी वेणू रोज भात थोडा जास्त टाकते. मी कितीदा तरी तिला हसलो होतो. "कोण येणार आहे तुझ्याकडे?" ती म्हणायची, "कोणीतरी." ते कुठून आलं होतं, हे मला त्या डब्यात कळलं.

घाट

मूलहून मोटारीनं वैनगंगेच्या काठापर्यंत. नदीवर पूल नाही. हिवाळ्यात पात्र आटतं, तेव्हा वाळू तुडवत धारेपर्यंत जायचं आणि डोंग्यातून पलीकडे. डोंगा हाकणारा ढिवर, बुधाजी नावाचा, अंगानं सुका, बोलायला ओला. मी काठावर बूट काढायला वाकलो आणि तोल जाऊन बुटासकट गुडघाभर पाण्यात बसलो. मामांना "काय झालं, काय झालं" होऊन गेलं.

"काई नाई बाबाजी," बुधाजी म्हणाला. "तुमचा शहरी बैल पानी पाहून बसला."

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "जवाई हाय माहा! नीट बोल."

"जवाई हाय म्हनूनच बैल म्हटलं. दुसऱ्याले हेला म्हटलं असतं." हेला म्हणजे रेडा.

मामांनी आपण डाकेचे गाडीवान होतो हे सांगितलं आणि त्या माणसाचा सूर पालटला. बांबू पाण्यात तसाच रोवून तो उभा राहिला. "माहा बाप सांगे. शिंग आयकू आलं का जेवत्या ताटावरून उठून डोंगा सोडे. तुमीच का ते?"

"आमीच. मी आन आनखी दोघंजन. ते गेले."

"मंग तुमच्याकडून उतराई कशी घ्याची?" असं म्हणून त्यानं खरंच घेतली नाही, माझ्याकडून मात्र घेतली.

पलीकडे गडचिरोलीला एका खानावळीत उकड्या तांदळाचा भात, लाखोळीचं वरण आणि वैनगंगेचे तळलेले बारीक मासे खाल्ले. मी भाकरी आहे का विचारलं. वाढणारी बाई म्हणाली, "कोनी बेमार हाय का?" मामांनी ताटात चौथ्यांदा भात मागितला. तो सगळा दिवस त्यांचा होता. इतक्या वर्षांत त्यांना असं मी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही पाहिलं नाही.

फाटा

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारीनं आम्हाला एका फाट्यावर उतरवलं. नवी सडक सरळ पुढे जात होती, जुनी डावीकडे सागाच्या झाडीत शिरत होती. फाट्यावर चहाचं एक खोपटं होतं, बाजूला बैलगाडी सोडलेली. मामांना झाडाखाली घोंगडीवर बसवलं. मोटारीच्या धक्क्यांनी त्यांचं अंग दुखत होतं. ते आडवे झाले. मी खोपट्यात जाऊन सालईटोल्याच्या बंगल्यापर्यंत गाडी मिळेल का, म्हणून विचारलं.

"कोनत्या बंगल्यावर?" चहावाला म्हणाला. दौलत त्याचं नाव. "डाकबंगला? तो तं पाडला न जी. मांगच्या उन्हाड्यात. सागाची लाकडं लिलावात गेली, दगडं नाल्याच्या पुलाले लागली."

मागचा उन्हाळा. म्हणजे ज्या हिवाळ्यात मी तपासणीचं सांगितलं होतं, त्याच्या लगेच नंतरचा.

मी झाडाकडे पाहिलं. मामा झोपले होते. दौलतनं कपात चहा ओतला. मी तो घेतला आणि मला स्वतःचंच नवल वाटेल इतक्या शांतपणे विचारलं, "इथे जवळ दुसरा कुठला बंगला आहे?"

"जंगल बंगला हाय. नव्या सडकेनं. दोन घटका लागते गाडीनं."

"ते म्हातारे आंधळे आहेत," मी म्हणालो. "त्यांना तिथेच नेऊ. हाच तो, म्हणून सांगू. एवढ्या लांबून आलेत."

दौलतनं बैलांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमचा बुढा, तुमची मर्जी." आणि गाडी जुंपायला गेला.

हे मी दया म्हणून केलं, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होतो. आता खरं लिहायचं आहे तर लिहितो. बंगला पाडला हे सांगितलं असतं तर मामांनी पहिला प्रश्न विचारला असता, "कधी?" मला त्या प्रश्नाची भीती वाटली. बाकी काही नाही.

जंगल बंगला

वाटेत मामा गाडीत उठून बसले. बैलगाडीचा तो हेलकावा बसताच त्यांच्या अंगात काहीतरी जागं झालं. हात कासरा धरल्यासारखे पुढे आले. "जोडी जवान हाय," ते दौलतला म्हणाले. "डावा लबाड हाय, वढत नाई." दौलत हसला. डावा खरंच लबाड होता.

"नाला गेला का?"

"गेला, मामा." वाटेत नाला नव्हता.

त्यांनी दोन्ही मुठी तोंडाशी नेल्या आणि शिंग फुंकल्यासारखा आवाज काढला. तीनदा, आम्ही तिघं होतो. गाडी जंगल बंगल्याच्या आवारात शिरून पडवीपुढे थांबली. मी खाली उतरून त्यांना हात द्यायला वळणार, तोवर मामा उभे राहिले होते. हसत होते. त्यांनी एक पाय पुढे टाकला, सरळ, खाली नाही, पुढे, जिथे चौथरा असायला हवा होता तिथे.

तिथे काही नव्हतं.

मी आणि दौलतनं मिळून त्यांना अर्धं झेललं. गुडघा फुटला, कोपर खरचटलं. मामा जमिनीवर बसले आणि हातानं माती चाचपू लागले. मग त्यांच्या हाताला पायरी लागली. तिच्यावरची दुसरी लागली.

"ह्या कायच्या?"

"पायऱ्या आहेत, मामा. नंतर बांधल्या."

"चौथरा खाली कसा गेला?"

"भर टाकलीय आवारात. जमीन वर आलीय."

दौलतनं जखम धुतली. तेवढ्यात तिथल्या चौकीदाराला मी बाजूला घेऊन सगळं सांगून ठेवलं. तो हौशी निघाला. पुढे येऊन म्हणाला, "या बाबा, या! सोमाजी चौकीदार न? तुमचं नाव तं आमच्या इथी अजून निंगते!" मामांचा चेहरा उजळला. तेवढ्या एका खोट्याबद्दल मला अजून वाईट वाटत नाही.

पण मग ते हात लावायला लागले. त्यांना घाई नव्हती. बैल नीट चोळून काढावा तसे ते भिंती चाचपत गेले. भिंत कमरेच्या खाली गुळगुळीत कशी? गिलावा केलाय, मी म्हणालो. मधला खांब कोणता? हा. त्यावरून त्यांचे दोन्ही हात खालून वर गेले, वरून खाली आले. खाच? खांब बदललाय. माझ्याजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. कचेरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाजवळ असतंच.

मामा पडवीत बसले. दिवस कलला होता, ऊन त्यांच्या एका गालावर पडलं होतं. तेवढ्यात चौकीदार पाणी ओढू लागला आणि रहाट कुरकुरला. मामांनी त्या दिशेला मान वळवली. म्हणजे उन्हाकडेच.

"जवाईबापू, बुडता दिवस माह्या या गालावर हाय न?"

"हो."

"आन रहाट बी तिकडंच वाजून राह्यला." ते थांबले. "पायऱ्या बांधल्या, कबूल. खांब बदलला, कबूल. विहीर तं कोनी उचलून ठेवत नाई न?"

त्या वेळी सांगता आलं असतं. त्यांनी वाट उघडून दिली होती. दौलत गाडी सोडायची विसरून माझ्याकडे पाहत होता. मी म्हणालो, "विहीर इथेच होती, मामा. तुमच्याच लक्षात राहिलं नसेल. किती वर्षं झाली."

मामा उजव्या हाताच्या बोटानं डाव्या तळव्यावर काहीतरी काढत राहिले. सडक, फाटक, चौथरा. मग बोट थांबलं.

"असंन," ते म्हणाले. "डोरे गेले, तशी याद बी गेली असंन."

जेवताना त्यांनी चौकीदाराला विचारलं, "मांगून येनाऱ्याची मूठ टाकली का?"

"कोनाची मूठ, बाबा?"

मामांनी मान हलवली आणि तो विषय सोडला. भात एकदाच घेतला.

खळं

सकाळी ते उन्हात बसले असताना मी नदीवर जाऊन येतो म्हणून निघालो. नदी दुसऱ्या अंगाला होती. मी दौलतच्या गाडीत बसून फाट्यावर आलो आणि जुन्या सडकेनं चालत सालईटोल्याला गेलो. कशाला गेलो, ते मला सांगता येत नाही. बहुधा तिथे काहीच उरलं नसेल, हे डोळ्यांनी पाहून मोकळं व्हायचं होतं.

आधी नाला आला. नंतर झाडी विरळ झाली, आणि माझ्या तळहातावर काढलेलं सगळं समोर जमिनीवर होतं. सडकेला तिरपा चौथरा. येणाऱ्या फाटकाचे दगडी खांब, जाणाऱ्या फाटकाचे. मागे गोठ्याचा पाया, लांबीनं बंगल्याहून मोठा. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, पण चौथरा जसाच्या तसा. काळा दगड, एक फटही नाही. त्यावर धानाचं खळं घातलं होतं. एक बाई सुपानं धान वारवत होती. पार्बता नाव सांगितलं तिनं. बाजूला विहीर होती. उगवतीला. सूर्य तिच्या मागून वर येत होता.

"इथे कसं खळं घातलंत?" मी विचारलं.

"अजी, याच्यावानी जागा भेटंन का? पक्की हाय, उंदीर नाई, वल नाई. आन गाडी कशी लागते पाहा न."

तेवढ्यात तिचा नवरा पेंढ्यांची गाडी घेऊन येणाऱ्या फाटकातून शिरला. गाडी चौथऱ्याला घासून थांबली. तळ आणि चौथरा एका रेषेत. पार्बतानं पदर खोचला आणि गाडीत पाय टाकला, पेंढी घेतली, परत पाय टाकून खळ्यावर आली. खाली उतरली नाही. वर चढली नाही. नुसतं पाऊल पुढे.

मी तिला मामांचं सांगितलं. खोटं सगळं वगळून. इथले जुने चौकीदार, आंधळे आहेत, जंगल बंगल्यावर उतरलेत.

"मंग आना न त्याहिले!" ती म्हणाली. "आमची गाडी रिकामी होतेच हाय. घेऊन येतो. बुढा चौथऱ्यावर बसंन घटकाभर, भात खाईन. मोटार तं दिवस कलल्यावर हाय."

गाडी होती. वेळ होता. चौथरा होता. एक म्हातारा तिथे गाडीतून पाऊल पुढे टाकायला तयार होता, आणि या वेळी त्याच्या पायाखाली दगड लागला असता.

"बघतो," मी म्हणालो.

मी परत गेलो तेव्हा मामा तिथेच उन्हात बसले होते. "नदीले पानी हाय का?" त्यांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

दिवस कलल्यावर आम्ही मोटारीत बसलो.

नागपूर

परत आल्यावर वेणूनं त्यांचे पाय धुतले आणि समोर बसली. "बा, माही खोली होती का? मांगची?"

"असंन, पोरी. मले आठवत नाई."

त्यानंतर मामांनी बंगल्याची गोष्ट काढली नाही. शेजारची माणसं पूर्वी मुद्दाम यायची, "डाकेचं सांगा" म्हणायची. मामा म्हणत, "जवाईबापूले विचारा. त्याहिनं पाह्यलं हाय. माहं काई खरं नाई." हळूहळू त्यांना बाकीच्या गोष्टींचीही खात्री वाटेना. सासूबाईंचं गाव कोणतं, वैनगंगा कोणत्या अंगानं वाहते, हेही ते विचारून घेऊ लागले. मी चोरला तो एक बंगला, असं मला वाटलं होतं. त्याच्या आधारानं बाकीचं उभं होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

कोणी त्या भागात गेलं, तर जुन्या सडकेनं जा. नाला ओलांडला की चौथरा दिसेल. दगड अजून पक्का आहे. तो बांधणाऱ्या माणसानं बैल मागे सरकत नाही आणि थकलेला माणूस खाली उतरू इच्छित नाही, या दोनच गोष्टी ध्यानात घेऊन सगळा आराखडा केला होता, असं मला पाहताना वाटलं. विहीर उगवतीला आहे. हे सगळं मला सोमाजी गाडीवानांनी आगगाडीत सांगितलं होतं, आणि त्यातला एक शब्दही चुकला नव्हता.

वेणूला मी हे लिहायला बसण्याआधी सांगितलं. ती उठून आत गेली. तेव्हापासून आमच्या घरी भात उरत नाही.

मामा पोळ्याच्या आधी गेले. त्याच्या थोडे दिवस आधीची गोष्ट. पाऊस लागला होता, त्यांना उठवत नव्हतं. वेणू बाजारात गेली होती. मी त्यांच्या खाटेशी बसलो आणि सगळं सांगितलं. तपासणी नव्हती, तिथपासून. फाटा, जंगल बंगला, पार्बताचं खळं, गाडी कशी लागली, ती बाई कशी पाऊल पुढे टाकून गेली. तुमचं सगळं बरोबर होतं मामा, मी म्हणालो, मी खोटं बोललो. ऊन पडलं की तुम्हाला तिथे नेतो.

मामा ऐकत होते. मग त्यांचा हात माझ्या पाठीवर आला.

"तुमी मनानं भल्ले मोठे, जवाईबापू," ते म्हणाले. "बुढ्याचं मन राखाले सोतावर केवढं घेता! कायले? तुमी मले नेलं, दाखवलं. माहीच याद गेली, त्याले तुमी काय करान?"

"मामा, मी खरं सांगतोय."

"हो, हो."

मी त्यांचा हात ओढून घेतला, उलटा केला आणि तळव्यावर बोट ठेवलं. ही सडक. हा तिरपा चौथरा. हे येणारं फाटक, हे जाणारं. हा गोठा. ही विहीर, उगवतीला, इथे.

त्यांनी माझं बोट धरलं. समजूत घालावी तसं हळूच ते अंगठ्याच्या बुडाकडून उचललं, तळव्याच्या दुसऱ्या काठाला नेऊन टेकवलं.

"विहीर इकडं," ते म्हणाले. "तुमीच तं सांगतलं."